प्लेटिंगशिवाय पितळेला रंग: ऑर्डर घेण्याआधी हा प्रश्न विचारा



एमआयडीसीची स्थापना 1962 ची, आणि तिची पहिली वसाहत म्हणजे आपल्या ठाण्याची वागळे इस्टेट. तिथे छोटा गाळा घेऊन पितळी नॉब, बिजागऱ्या, स्क्रू यांना ‘अँटिक’ रंग देण्याचं जॉबवर्क करायचंय? रेक्टिफायर लागत नाही, भांडवलही कमी. पण ग्राहकाला आधी विचारा: हा पार्ट नुसता दिसायला आहे, की ताण घेणारा?

रंग कसे येतात?

काळा-तपकिरी: लिव्हर ऑफ सल्फर, म्हणजे पोटॅशियमचं गंधकयुक्त मीठ, गरम पाण्यात विरघळवतात. तांब्यावर पटकन चढतं, पितळेवर हळू. यात ॲसिड अजिबात मिसळू नका, विषारी वायू निघतो.

झटपट काळा: तयार ब्लॅकनिंग सोल्युशन. अनेकांत सेलेनियम असतं, तेही विषारी. हातमोजे, चष्मा, एक्झॉस्ट हवाच.

निळा-हिरवा: बंद डब्यात अमोनियाची वाफ आणि मीठ.

आता खरा धोका. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात साठवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप तडे जायचे. कारण 1921 मध्ये उलगडलं: धातूत राहिलेला ताण आणि हवेतला अमोनिया. म्हणून स्प्रिंग, क्लिप, घट्ट बसणारे स्क्रू यांना अमोनियाचा रंग नकोच. आज सुंदर दिसेल, उद्या ग्राहकाच्या हातात तुटेल.

काम टिकवायचं असेल तर

आधी तेल आणि जुनं लॅकर पूर्ण काढा, नाहीतर डाग पडतात. रंगानंतर स्वच्छ धुवा, नीट वाळवा, मग मेण किंवा लॅकर लावा. रंग प्रत्येक लॉटला थोडा बदलतो, म्हणून ग्राहकाची सही असलेलं सॅम्पल दोघांकडे ठेवा. दर ठरवताना घासणं, लॅकर आणि रिजेक्शन धरा. नुसत्या केमिकलवर हिशोब केलात तर तोटा पक्का.

आणि ‘प्लेटिंग नाही, म्हणजे परवानगी नको’ असं समजू नका. ॲसिडने धातू साफ करणं हेही प्रदूषण मंडळाच्या लाल यादीत येऊ शकतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ठाण्याचं कार्यालय वागळे इस्टेटमध्येच आहे. गाळ्याचं डिपॉझिट भरण्याआधी तिथे प्रक्रिया लिहून न्या आणि विचारा. वापरलेलं पाणी गटारात सोडायचं नाही.

पहिल्या ऑर्डरसाठी शोभेचे पार्ट घ्या. हात बसला की पुढचं बघू!