पांढऱ्या पेशींच्या पोटांतील शत्रु

आपल्या रक्तांत तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशीही असतात. त्यांपैकीं कांहीं शरीरांत शिरलेल्या जंतूंस गिळून टाकितात, म्हणून त्यांस भक्षक पेशी म्हणतात. मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें १८८२ सालीं इटलींतील मेसिना येथें तारामाशाच्या पारदर्शक अळींत गुलाबाचा कांटा खुपसला. दुसऱ्या दिवशीं पाहतो तों कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! पुढें १९०८ सालीं त्यास पॉल एर्लिख यांजसह नोबेल पारितोषिक मिळालें.

भक्षक पेशी आपलें अंग पसरून जंतूस वेढिते, व तो तिच्या पोटांत एका लहानशा पिशवींत अडकतो. मग पाचक रसांच्या दुसऱ्या पिशव्या तीस येऊन मिळतात, आंतील द्रव आंबट होतो, आणि बहुतेक जंतु तेथेंच नाश पावतात. क्षयाचा जंतु मात्र मोठा लबाड! तो रसाच्या पिशव्या जवळ येऊं देत नाहीं व आंबटपणा पुरता चढूं देत नाहीं. ज्या कोठडींत त्यास डांबिलें, तेथेंच तो बिऱ्हाड करितो आणि तेथेंच त्याचा वंश वाढतो.

पूर्वीं मिरजेजवळील वानलेसवाडीच्या मिशन आरोग्यभवनांत काय, किंवा अन्यत्र काय, मोकळी हवा, विश्रांति व सकस अन्न यांवरच बहुतांशीं भिस्त असे. म्हणजे सारा भार बिचाऱ्या भक्षक पेशींवर! १९४३ सालीं अमेरिकेंत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेंत शॅट्झ यांनीं स्ट्रेप्टोमायसिन शोधिलें. तें पेशीबाहेरील जंतूंस चांगलें मारी. परंतु पेशींत त्याचा शिरकाव थोडा, आणि आंबट जागीं त्याचें बळही घटे. आयसोनियाझिड व रिफॅम्पिसिन हीं मागाहून आलेलीं औषधें पेशीचें आवरण सहज ओलांडितात. पायराझिनामाइडची तऱ्हा तर याहून निराळी. साध्या द्रवांत तें जवळजवळ निरुपयोगी. पण भक्षक पेशीनें जेथें आंबटपणा आणिला असेल, तेथें त्यास धार चढते. पेशीचें जें शस्त्र एकटें अपुरें पडलें, तेंच येथें औषधाच्या कामीं येतें.

तरीही हें काम सावकाशीचें आहे. कांहीं जंतु जणूं निजून राहतात, आणि वाढत्या जंतूंवर औषध जितकें लागू पडतें तितकें निजलेल्यांवर पडत नाहीं. म्हणून साध्या क्षयावर आपल्या देशांत हल्लीं पहिले दोन महिने चार औषधें व पुढील चार महिने तीन औषधें देतात. मध्येंच तीं सोडल्यास उरलेले जंतु पुनः वाढतात, व कित्येकदां त्या औषधांस न जुमानणारे निपजतात. घरांतील माणसांस हें पटविणें कठीण जातें. कारण खोकला व ताप पुष्कळदां पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच थांबतात, आणि निजलेले जंतु त्या वेळींही पेशींच्या पोटांत असतातच.