इंग्रजी धातू आणि त्याचे सोबती

इंग्रजी कादंबरी वाचताना आम्हां मराठी वाचकांचे अडते ते भारदस्त शब्दांपाशी नव्हे. ‘पोस्टपोन’ शाळेतच पाठ झालेला असतो. आपण अडखळतो ते ‘पुट ऑफ’पाशी. ‘पुट’ म्हणजे ठेवणे. ‘ऑफ’ तर दिव्याच्या बटणावरही असते. पण दोघे एकत्र आले की सभा लांबणीवर पडते! ‘पुट आउट’ म्हटले की आग विझते, ‘पुट ऑन’ म्हटले की अंगात कोट चढतो, आणि ‘पुट अप विथ’ म्हटले की शेजाऱ्याचा त्रास मुकाट्याने सोसावा लागतो.

प्रश्न केवळ वाचनाच्या हौसेचा नाही. नोकरीची मुलाखत ‘पुट ऑफ’ झाली तर नव्या तारखेची वाट पाहावी. ‘कॉल ऑफ’ झाली असेल तर ती रद्दच झाली.

परकीयांना सर्वांत जड जाते ते हेच, असे खुद्द डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. तेव्हा आपण एकटे नाही.

शिवाय हा प्रकार आपणांस अगदीच अनोळखी नाही. संस्कृतातला ‘हृ’ धातू घ्या. आहार, विहार, प्रहार, संहार! एका उपसर्गाने जेवणाचा मार होतो. मात्र हा उपसर्ग धातूला पुढून चिकटतो तो कायमचा. इंग्रजीतला सोबती मागून येतो आणि पुष्कळदा मध्ये कर्मालाही जागा देतो. सर्वनाम आले तर ती जागा द्यावीच लागते. ‘पुट इट ऑफ’ बरोबर, ‘पुट ऑफ इट’ चूक. गंमत अशी की, ‘पोस्टपोन’चा लॅटिन अर्थही ‘मागे ठेवणे’ असाच आहे.

‘अप’ म्हणजे वर. पण ‘ईट अप’मध्ये कोणी वर चढत नाही, ताटात काही उरू द्यायचे नाही, एवढाच भाव. आपण मुलाला ‘खाऊन टाक’ म्हणतो, तेव्हा तरी तो काय फेकतो? ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ यांतला ‘अप’ म्हणजे आपला ‘टाक’च. अशी नाती जुळवीत गेले की याद्या घोकण्याचे कष्ट बरेच वाचतात.

सगळे मात्र वाचत नाहीत. ‘गो ऑफ’ पाहा. दिवा ‘गो ऑफ’ झाला की विझतो, दूध झाले की नासते, आणि गजराचे घड्याळ झाले की ठणाणा वाजू लागते!