निष्काम कर्म मठ : हिंगण्यातील एका सेवाव्रती संघाचा लोप

अमेरिकन महाविद्यालयांत विद्यार्थिनींचे भगिनीसंघ १८५१ पासून आढळतात. आपल्याकडे ती प्रथा रुजली नाही. तथापि सहवास, प्रतिज्ञा आणि आजन्म बांधिलकी ही तीन लक्षणे ग्राह्य धरल्यास पुण्याजवळील हिंगण्याचा निष्काम कर्म मठ हे त्याचे जवळचे उदाहरण ठरते. या मठाच्या लोपाची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात केली आहे.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रमकार्य आरंभिले. १९०० मध्ये आश्रम हिंगण्यास आला आणि १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले. संस्था वाढल्या, परंतु त्या चालविणारी माणसे मिळेनात. पगार देऊन माणसे आणावीत, इतके द्रव्यही नव्हते. म्हणून १९०८ मध्ये मठ स्थापन झाला. केवळ निर्वाहापुरते घेऊन आयुष्य कार्यास वाहणाऱ्या सेविका व सेवकांचा हा संघ होता. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाची (१९०५) आठवण येथे अपरिहार्य आहे. भेद इतकाच की, जिला समाजाने घरातही स्थान नाकारले, त्या विधवेला मठाने कार्यकर्तीचे पद दिले. पार्वतीबाई आठवले पुढे आश्रमाच्या निधीसाठी अमेरिकेपर्यंत गेल्या, ही या घडणीची साक्षच होय.

१९१५ मध्ये आश्रम, विद्यालय व मठ यांचे एकीकरण झाले आणि मठाचे स्वतंत्र अस्तित्व संपले. हा ऱ्हास अपयशातून आला, असे प्रस्तुत लेखिकेस वाटत नाही. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ आले, १९२० मध्ये ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी आली आणि १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईस गेले. पदवी, नेमणूक व वेतनश्रेणी यांच्या युगात व्रताची जागा नोकरीने घेतली. शिकलेल्या स्त्रीला स्वतःचे वेतन मिळू लागले, हा लाभ लहान नव्हे. मात्र वेतनाबरोबर सहवास येत नाही, हेही तितकेच खरे.

ही अडचण आमच्या परिसरात रोज प्रत्ययास येते. कापूरहोळच्या फाट्यावरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थिनींचे महाविद्यालयीन जीवन एस.टी.च्या वेळापत्रकाने बांधलेले आहे. विद्यार्थिनी मंच परिपत्रकाने स्थापन होतो, त्याचा अहवालही वेळेवर जातो. परंतु एकमेकींची सुखदुःखे जाणण्यास लागणारा निवांत वेळ त्यांच्यापाशी नसतो. दोनच्या गाडीनंतर आवारात फारशा मुली उरत नाहीत. मंचाची सभा मात्र आम्ही वर्षानुवर्षे तीन वाजता ठेवीत आलो आहोत.