आग्र्याचा खजिना, अंदमानचा कैदी आणि पडद्यावरचा होम्स

१८८९ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या लँगहॅम हॉटेलात लिपिन्कॉट्स मासिकाचे संपादक स्टॉडर्ट यांनी दोन लेखकांना जेवायला बोलावले. एक ऑस्कर वाइल्ड, दुसरे आर्थर कॉनन डॉईल. त्या जेवणातून वाइल्ड यांची 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' आली आणि डॉईल यांची 'द साइन ऑफ फोर'. होम्सची ही दुसरी कादंबरी फेब्रुवारी १८९० च्या अंकात छापली गेली. ग्रॅनडा टेलिव्हिजनने तिचे रूपांतर २९ डिसेंबर १९८७ रोजी दाखवले. होम्स जेरेमी ब्रेट, वॉटसन एडवर्ड हार्डविक, दिग्दर्शक पीटर हॅमंड, पटकथा जॉन हॉक्सवर्थ यांची.

कथा लंडनची, पण तिचे मूळ हिंदुस्थानात आहे. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेतला एक राजा दोन्ही दगडींवर पाय ठेवतो. सोनेनाणे स्वतःजवळ राखतो आणि जडजवाहीर अहमद नावाच्या विश्वासू नोकराबरोबर, व्यापाऱ्याच्या वेषात, आग्र्याच्या किल्ल्याकडे पाठवतो. पहाऱ्यावरचा गोरा शिपाई जोनाथन स्मॉल आणि त्याचे तीन साथीदार अहमदचा खून करून पेटी लपवतात. हेच ते 'चौघे'. पुढे ते पकडले जातात. शिक्षा होते ती खुनाची. खजिन्याचा पत्ता सरकारला लागत नाही.

शिक्षा भोगायला स्मॉल अंदमानात जातो. अंदमान म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर सेल्युलर जेल उभा राहतो. पण त्याचे बांधकाम १८९६ साली सुरू झाले आणि १९०६ साली पुरे झाले. स्मॉलचे अंदमान त्याआधीचे, १८५८ साली उठावातल्या बंदिवानांसाठी वसवलेल्या वसाहतीचे. तिथे तो माउंट हॅरिएटच्या उतारावरच्या होपटाउनमध्ये झोपडीत राहतो. याच होपटाउनला फेब्रुवारी १८७२ मध्ये शेर अली आफ्रिदी या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचा खून केला होता.

म्हणजे भूगोल बराचसा खरा आहे. माणसांच्या बाबतीत मात्र डॉईल घसरतात. आग्र्याच्या दोन पहारेकऱ्यांची नावे महंमद सिंग आणि अब्दुल्ला खान, आणि त्यांना ते शीख म्हणतात. नावांवर नुसती नजर टाकली तरी गफलत कळते. त्याहून गंभीर प्रकार टोंगाचा. स्मॉलबरोबर आलेला हा बुटका अंदमानी फुंकनळीतून विषारी काटे मारतो. होम्स एका गॅझेटियरमधून वाचून दाखवतो, की त्याचे लोक नरभक्षक आहेत. वास्तविक अंदमानींचे हत्यार धनुष्यबाण, फुंकनळी नव्हे आणि नरभक्षणाची गोष्ट निराधार आहे. उलट मरण आले ते त्यांच्यावरच. वसाहतीबरोबर रोग आले, १८७७ च्या गोवराच्या साथीत माणसे पटापट गेली. ग्रेट अंदमानी समाज आज काही डझनांवर येऊन ठेपला आहे.

रूपांतरकारांनी काय केले? टोंगा त्यांनी ठेवला. नैरोबीत जन्मलेल्या किरण शाह यांनी तो केला. पण पडद्यावरही तो बहुतेक भयाचा आकार म्हणूनच वावरतो. बदल केला तो वॉटसनच्या लग्नात. कादंबरीत मेरी मॉर्स्टनशी त्याचे लग्न ठरते, इथे ती निघून जाते. मालिकेच्या दृष्टीने हे सोयीचे होते. १९८४ पासून चालत आलेले बेकर स्ट्रीटचे बिऱ्हाड मोडले नाही.

खरे वजन आहे ते स्मॉलच्या निवडीत. जॉन थॉ यांना प्रेक्षक याच वर्षी सुरू झालेल्या 'इन्स्पेक्टर मोर्स'चा नायक म्हणून ओळखत होते. तोच नट इथे लाकडी पायाचा गुन्हेगार होऊन शेवटी आपली कैफियत मांडतो. आग्रा आणि अंदमान तेव्हा पूर्वदृश्यांतून दिसतात. थॉ स्मॉलला खलनायक करत नाहीत. वीस वर्षे वाट पाहून फसवला गेलेला माणूस ते उभा करतात, आणि प्रेक्षक त्याच्या बाजूला सरकू लागतो.

इथेच थांबून एक प्रश्न विचारायला हवा. खजिना कोणाचा? स्मॉल म्हणतो, आम्हा चौघांचा. मेजर शोल्टो तो गिळतो. होम्स आणि वॉटसन मेरीला वारस मानतात. शेवटी स्मॉल जवाहीर थेम्समध्ये फेकतो, तेव्हा वॉटसनला हायसे वाटते, कारण श्रीमंती आड आली नसती तर तो मेरीला मागणी घालू शकला असता, आणि आता ती आड येत नाही. मूळ मालक असलेल्या राजाला पदच्युत करून देशाबाहेर घालवले, म्हणून जवाहिराची चौकशी कोणी केली नाही, असे कादंबरी एका वाक्यात सांगून टाकते. आणि अहमद? त्याचा खून कथेतला पहिला आणि सगळ्यात निर्घृण. त्याच्यासाठी होम्सला कोणी बोलावत नाही.

गुन्हेगारी कथेत कोणता खून रहस्य ठरतो आणि कोणता नुसती पार्श्वभूमी, हे त्या काळाची सत्ता ठरवते. रूपांतराने अहमदची बाजू घेतली नाही. पण कैफियतीला चित्र दिले, त्यामुळे कादंबरी वाचताना नजरेआड राहणारा तो पेटीवाला माणूस क्षणभर तरी समोर येतो. पुढच्या वेळी हा चित्रपट पाहाल, तेव्हा थेम्सवरच्या बोटींच्या पाठलागाइतकेच त्याच्याकडेही लक्ष द्या.