शेत नापीक, पीक बांधावर

गाडीच्या सीव्ही जॉइंटमध्ये मेकॅनिक जे काळंकुट्ट ग्रीस भरतो, त्यातला काळेपणा बहुधा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा असतो. गंधकाच्या दोन थरांत मॉलिब्डेनमचा एक थर, आणि असे पापड एकावर एक रचलेले. पापडापापडांत ओढ फारशी नाही, म्हणून ते सहज सरकतात आणि लोखंडावर लोखंड घासत नाही. कुणालाही चिकटू न देणं, हाच या पदार्थाचा गुण. पाण्यातून हायड्रोजन काढायला मात्र हाच अवगुण ठरतो. 1970च्या दशकात त्याचे मोठे स्फटिक त्या कामासाठी तपासले गेले आणि ते मठ्ठ निघाले. विषय तिथेच मिटला.

पाण्यात वीज सोडली की ऋणाग्रावर हायड्रोजन आणि धनाग्रावर ऑक्सिजन सुटतो, हे 1800 पासून माहीत आहे. हिशेबाने 1.23 व्होल्ट पुरावेत. प्रत्यक्षात जास्त लागतात. आजच्या यंत्रांत एक किलो हायड्रोजनला 50 युनिटांच्या पुढे वीज जाते. भारताच्या हरित हायड्रोजन मिशनचं 2030 पर्यंतचं लक्ष्य वर्षाला 50 लाख टनांचं आहे. गुणाकार केला तर वर्षाला 25,000 कोटी युनिट! त्यातला एक टक्का वाचला तरी 250 कोटी युनिट. विद्युत-उत्प्रेरकावर काम करणारे रसायनशास्त्रज्ञ एकेका मिलिव्होल्टसाठी का झगडतात, ते इथे कळतं.

उत्प्रेरकाने हायड्रोजनच्या अणूला जोडीदार येईपर्यंत थांबवायचं आणि जोडी जमली की जाऊ द्यायचं. सोन्याला तो धरवत नाही, टंगस्टनला सोडवत नाही. प्लॅटिनमला दोन्ही जमतं, पण प्लॅटिनमचा भाव सगळ्यांना माहीत आहे.

तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत जे जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात, त्यांच्याकडे प्लॅटिनम नसतं. त्यांच्या नायट्रोजनेज या विकरात लोह, मॉलिब्डेनम आणि गंधक असतं, आणि नायट्रोजन बांधताना ते जाता जाता हायड्रोजनही सोडतं. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात येन्स नॉर्स्कोव यांच्या गटाने 2005 मध्ये संगणकावर गणित मांडलं. मॉलिब्डेनम सल्फाइडच्या पापडाची सपाट बाजू निकामी होती, पण त्याची कड हायड्रोजनला जवळजवळ विकराइतक्याच ताकदीने धरत होती.

गणित झालं, पण कड मोजायची कशी? मला या साऱ्या कथेत सर्वांत आवडतो तो हा टप्पा. त्याच विद्यापीठातल्या इब कोर्केनडॉर्फ यांच्या प्रयोगशाळेत त्या वेळी थॉमस जारामिलो हा तरुण अमेरिकन रसायन अभियंता काम करत होता. या गटाने निर्वात पेटीत सोन्याच्या पृष्ठभागावर मॉलिब्डेनम सल्फाइडचे अतिसूक्ष्म चपटे कण वाढवले, वेगवेगळ्या तापमानांना तापवून त्यांचे आकार बदलले आणि अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची परिमिती आणि क्षेत्रफळ मोजलं. मग तेच नमुने आम्लात बुडवून हायड्रोजनची प्रक्रिया किती वेगाने होते ते पाहिलं. तो वेग क्षेत्रफळाशी जुळेना; परिमितीशी मात्र सरळ रेषेत जुळला. शेत नापीक, पीक सगळं बांधावर! ‘सायन्स’मध्ये 2007 साली हा निष्कर्ष आला. पदार्थाला नाव ठेवण्याआधी त्याचा कुठला भाग काम करतो ते पाहायला हवं होतं, आणि ते आधी कुणी पाहिलं नव्हतं.

पुढे जारामिलो स्टॅनफर्डला गेले. तिथे 2012 मध्ये त्यांच्या गटाने याच सल्फाइडची स्पंजासारखी जाळीदार रचना केली, म्हणजे बांधच बांध, शेत नावापुरतं.

या क्षेत्राची एक खोड अशी की ज्याला त्याला आपलाच उत्प्रेरक सरस वाटतो, कारण मोजण्याची रीत प्रत्येकाची वेगळी. कॅलिफोर्नियातल्या काही प्रयोगशाळांनी जारामिलो यांच्यासह 2013 मध्ये ऑक्सिजनच्या बाजूचे उत्प्रेरक एकाच कसोटीला लावले. अल्कलीत पुष्कळ टिकले. आम्लात दोन तासांच्या परीक्षेत स्वस्त धातूंचा एकही टिकला नाही. टिकलं ते इरिडियम ऑक्साइड. माझ्या मते नव्या उत्प्रेरकांच्या शंभर घोषणांपेक्षा असा एक नकार मोलाचा.

अल्कलीच्या जुन्या यंत्रांचं निकेलवर भागतं. पण सौर आणि पवन विजेच्या चढउतारांना चटकन साथ देणारी यंत्रं आम्लधर्मी पडद्याची असतात, आणि तिथे अजून मौल्यवान धातूच लागतात. स्टॅनफर्डच्या गटाने 2019 मध्ये अशाच एका कारखानी यंत्रात प्लॅटिनमऐवजी कोबाल्ट फॉस्फाइड बसवलं. मॉलिब्डेनम सल्फाइड नव्हे, त्याचा दूरचा भाऊबंद म्हणा. इलेक्ट्रोड 86 चौरस सेंटिमीटरचा, प्रयोगशाळेतल्या नखाएवढ्या तुकड्याच्या मानाने भला मोठा. यंत्र 1,700 तासांहून अधिक काळ सलग हायड्रोजन देत राहिलं.

त्याच यंत्राच्या धनाग्रावर मात्र इरिडियमच होतं. इरिडियम जगभर मिळून वर्षाला सात-आठ टन निघतं, तेही बहुतेक दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनमच्या खाणींतून, प्लॅटिनमच्या मागोमाग.