पाणी नितळ आहे, म्हणून काय झालं?

बर्लिन आणि ड्रेस्डेनच्या मधला लाउजित्स हा जर्मनीतला जुना कोळशाचा मुलूख. तिथल्या झेन्फ्टेनबर्ग तळ्यावर उन्हाळ्यात गेलेल्या माणसाला, इथे एके काळी उघडी खाण होती हे सांगूनही पटत नाही. वाळूची चौपाटी, तंबू ठोकायची मैदानं, शिडाच्या होड्या, तळ्याला वेढा घालणारी सायकलवाट, सगळं जागच्या जागी. १९७३ साली, पूर्व जर्मनीच्या राजवटीतच, ही चौपाटी लोकांना खुली झाली. लिग्नाइटच्या खाणींतून झालेल्या अशा तळ्यांची आता तिथे मोठी साखळी आहे. सुट्टीला येणारे तिच्याबद्दल बरंच काही गृहीत धरून येतात.

खाण बंद पडली, पाऊस झाला, खड्डा भरला, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात खाण चालू असताना आजूबाजूचं भूजल रात्रंदिवस उपसून खाली ठेवावं लागतं. उपसा थांबला की ते परत चढतं खरं, पण त्याला अनेक दशकं लागतात. आणि हळूहळू झिरपणारं हे पाणी वाटेतल्या मातीतली घाण घेऊन येतं, काठही कमकुवत करतं. म्हणून नदी वळवून खड्डा भरतात. झेन्फ्टेनबर्गमध्ये १९६७पासून श्वार्त्स एल्स्टर नदीचं पाणी सोडलं. कॉटबुसजवळच्या सुमारे १९ चौरस किलोमीटरच्या ओस्टसे तळ्यात एप्रिल २०१९मध्ये श्प्रे नदीचं पाणी यायला लागलं, पण कोरड्या उन्हाळ्यांत ते बंद ठेवावं लागलं. खाली याच नदीवर बर्लिनच्या पिण्याच्या पाण्याची भिस्त आहे. तळं भरता भरता २०२४ संपत आलं. बिटरफेल्डजवळच्या गोइत्शे खाणीत उलटा प्रकार झाला. ऑगस्ट २००२च्या महापुरात मुल्डे नदी बांध फोडून आत घुसली आणि सावकाश भरायचं ठरवलेलं तळं काही दिवसांत तुडुंब झालं. शेजारच्या शहराच्या तोंडचं मात्र पाणी पळालं.

दुसरा समज जास्त फसवा: तळ दिसतोय, म्हणजे पाणी शुद्ध. लाउजित्समध्ये अनेकदा नेमकं उलटं असतं. कोळशाच्या वरच्या थरांमध्ये पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज असतं. भूजल उतरलं की तिथे हवा पोचते, पायराइटचं ऑक्सिडीकरण होतं आणि पाणी परतलं की त्यातून गंधकाम्ल आणि विरघळलेलं लोह बाहेर पडतं. काही तळ्यांचा पीएच ३च्या आसपास होता. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर साधारण तेवढंच आंबट असतं. असल्या पाण्यात शेवाळ फारसं वाढत नाही, मासे टिकत नाहीत, म्हणूनच ते इतकं निळं आणि नितळ दिसतं. पोहणाऱ्याची कातडी काही जळत नाही, डोळे मात्र चुरचुरतात.

उपाय म्हणजे चुना. खास बोटी चुन्याची पूड तळ्याच्याच पाण्यात कालवतात आणि फवारत फिरतात. हे एकदा करून भागत नाही, कारण भोवतालच्या जमिनीतून आम्ल पाझरतच राहतं. गंमत अशी, की ज्या तपकिरी पाण्याला पाहून लोक नाक मुरडतात ते तेवढं आम्ल नसतं. विरघळलेलं लोह हवा लागली की गंजासारखा गाळ होऊन खाली बसतं. श्प्रे नदीचे काही पट्टे अशाच गाळाने गढूळ झालेत आणि श्प्रेमबर्ग धरणाच्या तोंडाशी तो अडवावा लागतो. माणसाला त्याचा विशेष धोका नाही. नदीच्या तळावर जगणाऱ्या जिवांचा मात्र तो श्वास कोंडतो.

खरा धोका काठावर आहे.

‘प्रवेश बंद’ची पाटी म्हणजे सरकारी औपचारिकता, असं समजणाऱ्यांनी खाण कशी भरतात ते ध्यानात घ्यावं. कोळसा काढताना वरची वाळू उचलून मागच्या खड्ड्यात ओतत जातात. ती बारीक, गोल कणांची, सैल वाळू असते. भूजल चढून ती भिजली की एखाद्या क्षुल्लक धक्क्यानेही कणांची पकड सुटते आणि हेक्टरच्या हेक्टर जमीन द्रवासारखी वाहू लागते. म्हणून किनारा आधी ठोकून घट्ट करतात: क्रेनला लटकवलेला लांबलचक कंपक दांडा जमिनीत खोल उतरवतात, नाहीतर खोलवर सुरुंग उडवतात, म्हणजे कण हलून घट्ट बसतात. एवढं करूनही खात्री देता येत नाही. २०१०मध्ये श्प्रेटाल भागात भरावाची जमीन अचानक खचली आणि मेंढ्या त्यात गेल्या. त्यानंतर असे मोठे पट्टे लोकांना बंद झाले. झेन्फ्टेनबर्ग तळ्यातल्या बेटाचा काठ तर चौपाटी उघडल्यावर ४५ वर्षांनी, २०१८मध्ये सरकला. खाणींच्या दुसऱ्या टापूतल्या नाख्टरश्टेट गावात १८ जुलै २००९च्या पहाटे काठावरची घरं तळ्यात गेली आणि तीन माणसं दगावली.

‘तिथे होतं काय, नुसती ओसाड जमीन!’ हेही खरं नाही. लाउजित्समध्ये कोळशासाठी शंभराहून जास्त गावं उठवली गेली. त्यातली कितीतरी सॉर्ब या स्लाव भाषिक समाजाची होती.

हे सगळं फुकटात होतं, हा शेवटचा समज. पूर्व जर्मनीच्या काळातल्या खाणी निस्तरायला १९९०च्या दशकापासून दहा अब्ज युरोंहून जास्त खर्च झालाय, मुख्यतः केंद्र आणि राज्यांच्या तिजोरीतून.

आपल्याकडे छत्तीसगडच्या सूरजपूर जिल्ह्यातलं केनापारा हे याच जातीचं उदाहरण. बिश्रामपूरच्या बंद उघड्या खाणीत साठलेल्या पाण्यावर आज नौकाविहार चालतो, पिंजऱ्यांत मासे वाढवतात. पण त्यावरून नागपूर-चंद्रपूरकडची प्रत्येक सोडलेली खदान किंवा पुण्याच्या आसपासची दगडखाण पोहण्याजोगी ठरत नाही. दगडखाणीच्या भिंती सरळसोट असतात. पाय टेकायला उथळ कडा नसते, घसरलेल्याला वर यायला आधार सापडत नाही. दर पावसाळ्यात अशा पाण्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात, त्या याचमुळे.

कोळसा मंत्रालयाने २००९मध्ये प्रत्येक खाणीसाठी ती बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात पैसे ठेवणं बंधनकारक केलं. त्याआधीच सोडून दिलेल्या खाणींसाठी मार्गदर्शक सूचना यायला २०२२ साल उजाडलं.