चाकांवरचा फड

रात्री दोन-अडीचला वग संपतो आणि तंबूतली माणसं गावाकडे पांगू लागतात. तमाशाच्या फडाचा दिवस मात्र इथून सुरू होतो. कलावंत तोंडावरचा रंग पुसतात तोवर बिगारी कनात सोडायला लागलेले असतात. रंगमंचाच्या फळ्या, लोखंडी पाइप, पडदे, जनरेटर, पत्र्याच्या पेट्या हे सगळं ठरलेल्या क्रमाने ट्रकात चढतं. पुढच्या गावी जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं, हा नियम नव्या पोरालाही पहिल्याच आठवड्यात पाठ होतो. पहाटे गाड्या निघतात. बायका बसमध्ये, पुरुष सामानावर पसरलेल्या बिछान्यांवर, आणि झोप होते ती रस्त्यातच. दसऱ्याला सुरू झालेला हा क्रम वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो.

परदेशात चाकांवरचं घर हौसेने घेतात. सुट्टी लागली की कुटुंब गाडीत बसतं आणि समुद्रकाठी जाऊन राहतं. महाराष्ट्रातल्या तमाशाच्या घराण्यांनी असं घर पोटापाण्यासाठी उभं केलं आणि पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. बैलगाडी, ट्रक, बस अशी वाहनं बदलत गेली, मुक्कामाचं गाव रोज बदललं, पण नाव तेच राहिलं.

नारायणगावकरांचंच घराणं घ्या. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या नारायण खुडे यांनी फड उभा केला. त्यांची मुलं भाऊ आणि बापू यांच्या नावाने तो भाऊ-बापू मांग नारायणगावकर म्हणून गाजला. भाऊंची मुलगी विठाबाई 1935 साली पंढरपुरात जन्मली. बाप फडासोबत फिरत असताना मुलीचा जन्म असा वाटेवरच्या गावी व्हावा, यात त्या घराला नवल नव्हतं. पुढे विठाबाईंचंही बाळंतपण फडावरच झालं. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा आल्या तशा त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या. हा प्रसंग महाराष्ट्रात इतक्यांदा सांगितला गेला आहे की त्यातलं शौर्य तेवढं लक्षात राहतं. शौर्याला मान द्यायलाच हवा. पण नऊ महिन्यांच्या बाईला टेकायला त्या फडाच्या मुक्कामी कोणती जागा होती, हेही त्याच गोष्टीत विचारायला हवं.

मुक्काम गावाबाहेर पडायचा याला कारण होतं. फडातले बहुतेक कलावंत मांग, महार, कोल्हाटी अशा जातींतले. गाव त्यांचं गाणं रात्रभर ऐकायचं, पण निजायला ओसरी द्यायचं नाही. म्हणून फडाला आपला निवारा आपल्याबरोबर न्यावा लागला. बैलगाडीच्या काळात त्यालाही मर्यादा होती. ढोलकी, तुणतुणं, हलगी, झांज, कपड्यांची गाठोडी आणि दहा-बारा माणसं एवढंच गाड्यांत मावायचं. तमाशाही तेवढ्याच आकाराचा असे. उजेडाला मशाली, मागाहून गॅसबत्त्या. मागच्या प्रेक्षकाला ऐकू जावं म्हणून गायक वरच्या पट्टीत गायचे आणि झिलकरी मागून सूर उचलून धरायचे.

ट्रक आला आणि हे सगळं बदललं. तमाशाच्या इतिहासात शाहिरांची नावं येतात, वगांची येतात, ट्रकाला मात्र सहसा जागा मिळत नाही. ती द्यायला हवी. ट्रकामुळे तंबू आणि कनात नेता आली, म्हणून तिकिटावर खेळ लावता आला. जनरेटर नेता आला, म्हणून माईक आणि रंगीत दिवे आले. माईक आल्यावर खालच्या सुरातला आवाजही शेवटच्या रांगेपर्यंत पोचू लागला. वगात देखाव्यांची आणि ट्रिक सीनची चढाओढ लागली, कारण देखावे वाहून न्यायची सोय झाली होती. दहा-बारा माणसांचा फड शंभरापलीकडे गेला. त्यात नाचणाऱ्या मुली आणि ढोलकीवाल्यांच्या बरोबरीने आचारी, वायरमन, ड्रायव्हर आणि बिगारीही आले.

एवढ्यांचा स्वयंपाक रोज नव्या माळावर करायचा. सामूहिक स्वयंपाकाला लागणारं बळ वऱ्हाडातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमला शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो. तेव्हा पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पंगतींपर्यंत जातो. त्या दिवशी अख्खी पंचक्रोशी हाताशी असते आणि सगळे आपलेच असतात. फडाचा आचारी मात्र परक्या गावात पाणी कुठे मिळेल, सरपण कोण देईल इथपासून सुरुवात करतो, आणि तेही सात महिने.

हंगामाचे दोन भाग पडतात. दसऱ्यानंतर मराठवाडा, खानदेश, वऱ्हाड असा तिकिटाचा दौरा असतो. चैत्र लागला की पश्चिम महाराष्ट्रातल्या जत्रा येतात. त्यांच्यासाठी गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे येऊन बैठक मारतात, सुपारी ठरवतात, इसार देतात. जत्रेच्या गावी रात्रीचा तमाशा झाल्यावर सकाळी हजेरीचा खेळही करावा लागतो, म्हणजे झोप पुन्हा गाडीतच. पावसाळ्यात गाड्या दारात उभ्या राहतात. तेव्हा इंजिनाची कामं निघतात, तंबूला ठिगळं लागतात, नवा वग बसतो आणि पुढच्या हंगामाची उचल कलावंतांना द्यायची वेळ येते. ती रक्कम बहुधा व्याजाने काढलेली असते.

गाड्या आणि कर्ज असे बरोबरच वाढले. विठाबाईंना 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. तरी 15 जानेवारी 2002 रोजी त्या गेल्या तेव्हा घरात पैसा नव्हता. फड मात्र थांबला नाही. मुलगी मंगला बनसोडे यांनी आईची गादी स्वतःच्या नावाने चालवली आणि त्यांचा मुलगा नितीनकुमार त्याच मंडळाच्या नावात आला. संगमनेरच्या कांताबाई सातारकरांची कहाणीही अशीच वाहनांवर चाललेली. त्यांचे पती तुकाराम खेडकर 1964 साली गेले. त्यानंतर कांताबाईंनी मुलांना घेऊन फड पुन्हा उभा केला आणि पुढे मुलगा रघुवीर खेडकर यांनी तो राज्यभर नेला. सरकारने विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मान कांताबाईंना मिळाला.

अमेरिकेत ट्रॅप घराण्याची अशीच बस होती. 1938 साली ऑस्ट्रिया सोडून गेलेलं हे गाणारं कुटुंब बसमधून गावोगाव कार्यक्रम करत फिरलं. पण त्यांनी व्हर्माँटमध्ये जमीन घेतली, घर बांधलं आणि पन्नाशीच्या दशकात दौरे थांबवले. त्यांच्यावर सिनेमा निघाला आणि तो जगभर चालला. नारायणगावकरांच्या पाच पिढ्या चाकांवर राहिल्या, पण त्यांच्या गाड्यांना संग्रहालयात जागा मिळाल्याचं ऐकिवात नाही.

2020 साली गुढीपाडवा 25 मार्चला आला आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. वर्षभराची कमाई ज्या जत्रांवर अवलंबून, त्या एकाएकी बंद झाल्या आणि भरल्या हंगामात गाड्या उभ्या राहिल्या. पुढल्या वर्षीही तेच झालं. 25 मे 2021 रोजी कांताबाई कोरोनाने गेल्या.

त्याच 2021 साली महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. झोपायला बिछाना, स्वयंपाकाला ओटा, स्वच्छतागृह अशी सोय असलेल्या गाडीतून लोकांनी राज्य पाहावं, अशी त्यामागची कल्पना. धोरण चांगलं आहे. फक्त महाराष्ट्रात गाडीत राहणारी कुटुंबं त्याच्या कितीतरी आधीपासून होती आणि त्यांच्या गाड्यांत यातली एकही धड सोय नाही. फडातल्या बायकांना आजही अंधार पडायची वाट पाहून माळावर जावं लागतं. अंघोळीला साड्यांचा आडोसा करावा लागतो. पाळीच्या दिवसांत पायांत कितीतरी किलो घुंगरू बांधून तासन्‌तास नाचायचं आणि मग त्याच बसमध्ये अवघडून निजायचं. एका फडामागे स्वच्छतागृह असलेली एक बस, तिच्यासाठी कमी व्याजाचं कर्ज आणि रस्ता करात सवलत, एवढं जरी पर्यटनाच्या त्या धोरणाला जोडून दिलं, तरी येत्या दसऱ्याला निघणाऱ्या फडातल्या मुलींचे सात महिने पुष्कळ सुसह्य होतील. मागणी मोठी नाही, आणि ती मांडायला हंगाम सुरू होण्याआधीचे पावसाळ्याचे महिने पुरेसे आहेत.